धुऱ्यावरचा निंब

घराच्या खरेदीखतात ‘चतुःसीमा’ नावाचा एक भाग असतो. पूर्वेस अमक्याचा प्लॉट, पश्चिमेस तमक्याचा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस मोकळी जागा. तुम्ही स्वतः कधी घर किंवा जमीन घेतली असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हा भाग बोट ठेवून वाचल्याचे तुम्हाला आठवेल. चार दिशा चार ओळींत संपतात. आयुष्याची कमाई आपण या चार ओळींवर लावलेली असते. म्हणून त्या पक्क्या आहेत, असे आपल्याला वाटते. परंतु त्या जमिनीच्या पृष्ठभागापुरत्याच पक्क्या असतात. जमिनीच्या वर जे पसरते आणि जमिनीच्या खाली जे सरकते, त्याविषयी खरेदीखत काही बोलत नाही. झाड मात्र वर आणि खाली असे दोन्हीकडे जगते. शेजाऱ्याच्या झाडाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

हा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. फांदी आली, तोडून टाकली, संपले. पण आपल्या आळीत, गावात जरा नजर टाका. एकमेकांच्या लग्नकार्यात न जाणारी दोन घरे कशावरून दुरावली, हे विचारून पाहा. बहुधा उत्तरात एखादी नाली असते, एखादी भिंत असते किंवा एखादे झाड असते. मोठ्या कारणांवरून भांडण्याची वेळ माणसावर क्वचितच येते. रोज दिसणाऱ्या लहान कारणाला मात्र विसरायला सवड मिळत नाही.

मी वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) येथे राहते. वर्ध्याच्या भोवती सावंगी, सिंदी, पिपरी, बोरगाव अशी ‘मेघे’ हे नाव जोडून घेतलेली गावे आहेत. जनगणनेच्या नोंदीत बोरगावची गणना शहरांत होते. कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या वळणाचा आहे. शहर वाढत गेले तशी येथली वावरे अकृषक झाली आणि त्यांवर लेआउट पडले. जेथे कापूस आणि तूर उभी राहत होती, तेथे चुन्याच्या फक्कीने रेषा आखल्या गेल्या, सिमेंटचे खांब रोवले गेले, आणि प्रत्येक चौकोनाला क्रमांक मिळाला.

दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे ‘धुरा’ म्हणतात. विदर्भातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. धुऱ्यावरून झालेल्या भांडणाची एक तरी गोष्ट प्रत्येकाच्या घराण्यात असतेच. पण धुरा म्हणजे केवळ भांडणाची जागा नव्हती. नांगर धुऱ्यावर चालत नसे, म्हणून झाडे तेथेच टिकत. बाभूळ, बोर, निंब ही झाडे धुऱ्यावर आपसूक उगवत आणि कोणी मुद्दाम तोडली नाहीत तर वाढत. दुपारची शिदोरी सोडायला, बैल बांधायला, लेकराला झोळीत टाकायला त्यांची सावली दोन्ही वावरांच्या कामी येई. असे झाड कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न कधी निघत नसे असे नाही. पण ते दोघांच्याही वापरात असते, हे गृहीत धरलेले होते.

माझ्या परसबागेच्या पश्चिम सीमेवर असाच एक निंब उभा आहे. त्याचे खोड एका माणसाच्या कवेत मावत नाही. लेआउटची रेषा आखली गेली तेव्हा ती त्याच्या खोडापासून सुमारे दोन फुटांवरून गेली आणि खोड शेजारच्या प्लॉटमध्ये राहिले. त्या दिवसापासून तो निंब ‘शेजाऱ्यांचा’ झाला. आम्ही सारे ज्यांना काकाजी म्हणतो, त्या वयस्क शेजाऱ्यांनी तो लावलेला नाही, मीही नाही. दोघांच्याही आधी तो होता. रेषेनंतर बांधलेल्या माझ्या भिंतीवरून त्याच्या फांद्या आता माझ्या बागेत आठ-दहा फूट आत आल्या आहेत.

अशा वेळी आपण सहज जो शब्द वापरतो, तो ‘अतिक्रमण’. शब्दाची फोड करून पाहा: ‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणे, ‘अति’ म्हणजे पलीकडे. ओलांडून टाकलेले पाऊल ते अतिक्रमण. टपरी पुढे सरकते, ओटा रस्त्यावर येतो, तेव्हा हा शब्द नेमका लागू पडतो. कारण रेषा आधी होती आणि पाऊल नंतर पडले. निंबाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. त्याच्या फांद्या आणि मुळे आधीपासून होती, रेषा मागाहून आली. म्हणून या प्रश्नात ‘कोणी कोणाचे ओलांडले’ हे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘आता काय करावे’ हे विचारणे अधिक उपयोगाचे.

त्रास खरा आहे, हे आधी मान्य करू. माघ-फाल्गुनात निंब आपली पाने ढाळतो. रोज सकाळी अंगणात पिवळ्या पानांचा थर असतो, छतावरच्या पाण्याची पन्हाळी तुंबते. आषाढाच्या सुमारास निंबोळ्या पडतात, पायाखाली चिकचिक होते, माशा येतात. हिवाळ्यात दुपारनंतर बागेच्या उत्तरेकडच्या वाफ्यांवर सावली येते. टोमॅटोला दिवसातून सहा तास तरी चांगले ऊन लागते. ते न मिळाल्याने झाडे उंच आणि लेचीपेची होतात, फळ धरत नाही. पालक आणि सांबार त्या सावलीतही तग धरतात, पण वांगी रुसतात. शिवाय कुंपणाच्या भिंतीला एक तिरपी भेग गेली आहे. ज्यांच्या घरात भाजीचा खर्च मोजून केला जातो, त्यांना दोन वाफे गमावणे म्हणजे काय ते ठाऊक असते.

कायदा या बाबतीत काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण अर्धवट ऐकलेल्या कायद्यामुळेच पुष्कळ भांडणे पेटतात. १८८२ मध्ये भारतीय सुविधाधिकार अधिनियम झाला. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा, पाणी नेण्याचा, उजेड मिळण्याचा जो हक्क असतो, लोक ज्याला ‘वहिवाटीचा हक्क’ म्हणतात, त्याचा हा कायदा. प्रारंभी तो मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्ग एवढ्याच प्रदेशांना लागू होता. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. म्हणून हा कायदा मुंबईच्या आधी वर्ध्याला आला. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये लागू झाला. या कायद्यानुसार काही हक्क २० वर्षांच्या शांत आणि अखंड वापराने मिळतात. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो: माझ्या अंगणावर २० वर्षे फांदी पसरली असेल, तर शेजाऱ्याला तशी ती पसरू देण्याचा हक्क मिळतो का?

न्यायालयांनी याचे उत्तर ‘नाही’ असे दिले आहे. इंग्लंडमध्ये लेमन विरुद्ध वेब या खटल्यात १८९४ मध्ये तेथील उमराव सभेने निर्णय दिला. आपल्या जमिनीवर आलेल्या जुन्या झाडांच्या फांद्या वेब यांनी पूर्वसूचना न देता तोडल्या होत्या. शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता, आपल्या हद्दीपुरत्या फांद्या तोडल्या असतील तर त्यात गैर काही नाही, असे ठरले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयासमोर हरि कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल हा दावा आला आणि तेथेही, दुसऱ्याच्या जमिनीवर फांद्या पसरू देण्याचा हक्क केवळ वर्षे लोटल्याने मिळत नाही, हेच तत्त्व मांडले गेले. त्यामागचा विचार सोपा आहे. फांदी दर वर्षी वाढते. आज जी आठ फूट आत आहे, ती २० वर्षांपूर्वी तेवढी नव्हती. ज्याचे माप रोज बदलते, त्याचा ठरावीक हक्क कसा मोजावा?

म्हणजे तुमच्या हद्दीत आलेली फांदी किंवा मूळ हद्दीपर्यंत तोडण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. शेजाऱ्याच्या जागेत त्याच्या परवानगीवाचून शिरता येत नाही. रेषेपलीकडे करवत नेता येत नाही. तोडलेले लाकूड झाडाच्या मालकाचे असते, तोडणाऱ्याचे नव्हे. आणि रेषा नेमकी कोठे आहे, हे कुंपणावरून ठरत नाही. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते.

याखेरीज झाडांविषयीचे स्वतंत्र कायदे आहेत. नगरपरिषद आणि महानगरपालिकांच्या क्षेत्रासाठी महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरले आहे. म्हणून शहरात मोठी छाटणी करण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी विचारावी हे शहाणपणाचे. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा अधिनियम आहे. त्याच्या मूळ अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन अशी १६ प्रकारची झाडे आहेत. कडुनिंब तीत नाही. येथेही एक रेषाच आली, पाहा. वर्धा शहराच्या हद्दीतल्या निंबाला जो कायदा विचारतो, तो हद्दीबाहेरच्या निंबाला विचारत नाही. दोन झाडांमधले अंतर काही पावलांचे असले तरीही.

झाड पडण्याच्या बेतात असेल आणि त्यामुळे माणसांना धोका असेल, तर गोष्ट वेगळी. अशा झाडाबाबत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना मालकास आदेश देता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. पोकळ खोड, जमिनीतून उचकटलेली मुळे, एकाएकी वाढलेला कल ही धोक्याची चिन्हे दिसली, तर तेथे सौजन्याने वाट पाहत बसू नये.

हा प्रश्न आपल्याच नशिबी आलेला आहे असे समजू नका. प्राचीन रोमच्या कायद्यात त्याची तरतूद होती: शेजारच्या शेतावर सावली पडून नुकसान होऊ नये म्हणून झाडाच्या फांद्या जमिनीपासून १५ फूट उंचीपर्यंत छाटाव्यात. शेजाऱ्याच्या जमिनीवर पडलेली आपली फळे वेचायला एक दिवसाआड जाण्याची मुभाही तेथे होती. फ्रान्सच्या नागरी संहितेत मुळे स्वतः कापता येतात, पण फांद्या शेजाऱ्याकडूनच कापून घ्याव्या लागतात. आपोआप गळून पडलेले फळ मात्र ज्याच्या जमिनीवर पडले त्याचे. जर्मनीच्या संहितेत शेजाऱ्याला वाजवी मुदत देऊन मग फांदी कापता येते, पण त्या फांदीमुळे जमिनीच्या वापरात अडथळा येत नसेल तर तो अधिकार उरत नाही. हे शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. फांदी आली, एवढे पुरेसे नाही. ती आल्याने तुमचे काय अडले, हे सांगता आले पाहिजे.

काय अडले हे सांगण्यासाठी हिशेब मांडावा लागतो, आणि तो वर्षभराचा असावा लागतो. फाल्गुनात पाने झाडताना मांडलेला हिशेब एका बाजूचाच असतो. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना पश्चिमेच्या सावलीची किंमत सांगावी लागत नाही. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा लोक वाफ्यांवर हिरवी जाळी विकत आणून बांधतात. माझ्या वाफ्यांवर ती जाळी निंबाच्या फांदीने फुकट बांधलेली असते. भिंत तापत नाही, कूलरचे पाणी जरा पुरते. गळलेली पाने खड्ड्यात टाकली तर वर्षाने खत होते. आणि ज्या निंबोळ्यांनी पाय घसरतो, त्या वेचून, वाळवून, कुटून ठेवल्या तर कापूसवाल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असलेला पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क घरच्या घरी होतो: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम भुकटी, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून. मावा आणि तुडतुड्यांवर तो चालतो.

भिंतीच्या भेगेचा हिशेब अधिक अवघड आहे. ती मुळांनी पाडली, असे आपण लगेच म्हणतो. पण आमची जमीन काळी आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. झाडे नसलेल्या लेआउटमध्येही उथळ पायाच्या भिंतींना तडे गेलेले दिसतात. झाड मुळांवाटे ओल शोषून हे आकसणे वाढवते, हे खरे. परंतु जुने झाड एकाएकी काढून टाकले, तर इतकी वर्षे ज्या मातीतली ओल ते शोषत होते, ती माती पुन्हा फुगू लागते आणि पाया वर उचलला जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा मातीत ‘झाड काढले की भेग थांबेल’ हे गणित सरळ नाही.

हिशेबाच्या शेवटी माझ्या वाट्याला जी खरी अडचण उरली, ती वर्षातल्या चार महिन्यांची होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारनंतरची सावली ईशान्येकडे लांब पडते. ती कोणत्या फांद्यांची, हे पाहण्यासाठी मी काही दिवस दुपारी तीन वाजता सावलीच्या कडेने राखेची रेघ ओढली. वाफ्यांवरची बरीचशी सावली खालच्या दोन फांद्यांची होती. त्या निघाल्या असत्या, तर तिरपे ऊन झाडाच्या छत्राखालून आत आले असते. पंधरा फुटांपर्यंतच्या फांद्या छाटा, असे रोमन कायदा का सांगत होता, ते त्या राखेच्या रेघेवरून मला समजले.

आता या लेखात जे सांगायचे आहे, त्यापाशी आपण आलो. दोन फांद्या तोडायच्या, पण कोठे? कायदा म्हणतो, तुमच्या हद्दीच्या रेषेवर. झाडाचे शास्त्र म्हणते, तेथे नाही. फांदी जेथे खोडाला किंवा मोठ्या फांदीला मिळते, तेथे सालीचा एक फुगवटा असतो. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यायचा असतो. झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. ते तिच्यावर कडेने नवे लाकूड चढवून तिला झाकून टाकते, आणि ही शक्ती त्या फुगवट्यात असते. फांदी मधेच तोडली, तर उरलेला खुंट झाकला जात नाही. तो वाळतो, कुजतो, आणि कुज हळूहळू खोडात उतरते. किंवा त्या खुंटावर कमकुवत धुमाऱ्यांचा झुबका फुटतो आणि दोन-तीन वर्षांत आधीपेक्षा दाट सावली पडते. रेषेवर सरळ भिंतीसारखी छाटणी केली, तर झाडाचा सारा भार एका अंगाला जातो. मृगाच्या आधीच्या वादळात असे झाड कोणाच्या घरावर जाईल, ते सांगता येत नाही. रेषेवर मूळ तोडणे तर त्याहून धोक्याचे; कारण झाडाला धरून ठेवणारी जाड मुळे खोडाजवळच असतात.

माझ्या बाबतीत हद्दीची रेषा आणि योग्य कापाची जागा यांत सुमारे दोन फुटांचे अंतर होते. त्या दोन फुटांत माझा कोणताही अधिकार चालत नव्हता. रेषेवर तोडायला मला कोणाला विचारण्याची गरज नव्हती, पण ते झाडाला मारक होते आणि शेवटी मलाही. नीट तोडायचे तर काकाजींच्या अंगणात शिडी लावावी लागणार होती, आणि त्यासाठी त्यांना विचारणे भाग होते. शेजाऱ्याशी बोलावे हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो आणि सोडून देतो. येथे तो उपदेश राहिला नव्हता. झाडाच्या रचनेनेच ती अट घातली होती.

बोलणे झाले. ते मात्र मला अपेक्षित असलेल्या वाटेने गेले नाही. मी दोन फांद्यांविषयी बोलत होते. काकाजींनी सारे झाडच देऊ केले. “ताई, मले तरी हे झाड कुठं पाह्यजे? तुमच्या इकडं फांद्या, माह्या इकडं मुळ्या. एकदाचं काढूनच टाकू,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनाही पाने झाडावी लागत होती, त्यांच्याही ओट्याला तडा होता. आणि माझ्या तक्रारीची त्यांना कधीपासून धास्ती होती. ज्याला मी त्यांचे झाड समजत होते, ते त्यांच्या लेखी माझ्यासाठी राखलेले ओझे होते. त्या क्षणी त्या निंबाचा कोणीही कैवारी नव्हता. अनुसूचीत त्याचे नाव नव्हते. खोडाचा मालक तयार होता, फांद्यांखालची शेजारीण तक्रार घेऊन आली होती. एक ‘बरं’ म्हटले असते, तर दोन दिवसांत तेथे खड्डा झाला असता.

अशा झाडांविषयी थोडे थांबून विचार करावा. आमच्यापासून काही किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला आले, तेव्हा ते गाव सेगाव होते. त्या वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ आश्रमात आजही दाखवला जातो आणि येणारा प्रत्येक जण त्यापुढे क्षणभर उभा राहतो. २०२० मध्ये वर्धा ते सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्ध्याच्या नागरिकांनी विरोध केला. नाव असलेल्या झाडाला इतिहास राखतो, रस्त्यावरच्या झाडाला निदान समाज राखू पाहतो. दोन प्लॉटांच्या मधल्या, धुऱ्यावरून उरलेल्या झाडाला मात्र राखायला दोनच माणसे असतात, आणि ती दोघेही त्याच्यावर वैतागलेली असतात.

मी काकाजींना राखेची रेघ दाखवली, काळ्या मातीचे गणित सांगितले, आणि उन्हाळ्यात त्यांच्याच सुनेची खाट कोठे पडते, याची आठवण करून दिली. त्यांनी लगेच होकार दिला नाही. चार दिवसांनी त्यांनी स्वतःहून सांगितले की, माणूस बोलावतो, पण दोनच फांद्या. जानेवारीत काम झाले. वैशाखात कावळे घरटी बांधतात, त्याच्या बरेच आधी. तोडणाऱ्याने पहिला काप हातभर अंतरावर खालून घेतला, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेणार नाही. आणि मग उरलेला खुंट फुगवट्याबाहेर साफ काढला. मजुरी दोघांनी निम्मी निम्मी दिली. लाकूड काकाजींकडे गेले.

यातून सारे सुटले असे मी तुम्हाला सांगणार नाही. वाफ्यांवर हिवाळ्यात आता ऊन येते आणि टोमॅटो धरतात. भेग आहे तेथेच आहे. पाने दोघांकडेही पडतात, फक्त माझ्याकडची आता खड्ड्यात जातात. छतावर झुकलेली तिसरी फांदी दोन-तीन वर्षांत त्रास देईल, हे आम्हां दोघांनाही दिसते. एका वेळी फार हिरवे काढू नये म्हणून ती ठेवली आहे. तिच्याविषयी पुन्हा बोलावे लागेल, आणि ते बोलणे आता अवघड नाही.

तुमच्या कुंपणावर अशीच एखादी फांदी असेल, तर एवढे करा. तिने वर्षभरात काय घेतले आणि काय दिले, ते लिहून काढा. कोणती एक गोष्ट अडते, ती नेमकी शोधा. रेषा कोठे आहे आणि कायदा काय म्हणतो, ते माहीत करून घ्या. ते माहीत असलेला माणूस अधिक शांतपणे बोलतो. परवानगी लागते का, ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारा. मग शेजाऱ्याकडे जा, आणि जाताना करवतीविषयी नव्हे, तर त्या एका गोष्टीविषयी बोला. ऐकलेच नाही, तर २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती तुमच्या गावात असेल, तेथे जा; न्यायालयाची पायरी त्यानंतरची. हे सारे करून नकार मिळाला, तरी रेषेपर्यंतचा तुमचा अधिकार तुमच्यापाशी राहतोच.

आणि ज्यांनी अजून घर घेतलेले नाही, त्यांच्यासाठी आणखी एक. लेआउटमध्ये प्लॉट पाहायला जाल, तेव्हा खांबांबरोबर झाडेही पाहा. सीमेवर एखादे जुने झाड असेल, तर व्यवहार होण्यापूर्वी शेजारच्या प्लॉटधारकाशी बोलून त्या झाडाविषयी दोन ओळी कागदावर लिहून घ्या: छाटणी कोणी करायची, खर्च कोणी द्यायचा, तोडायचे झाल्यास कोणाला विचारायचे. चतुःसीमेच्या चार ओळींनंतर या दोन ओळींना फार जागा लागत नाही.